भाषा सांगा, गाणं घ्या

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या तरणतलावावर मी ड्यूटी मॅनेजर म्हणून लागले आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे पहिली तक्रार आली. पाणी गार आहे अशी नाही, क्लोरीन डोळ्यांत जातो अशीही नाही. एक उंच, टकले आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून काउंटरशी उभे राहिले आणि म्हणाले, "कडेच्या लेनमध्ये एक बाई चालते आणि चालताना गाते. हळू नाही, चांगलं मोठ्यानं गाते!"

मी गेले बघायला. अंगात निळे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, डोक्यावर लाल रबरी टोपी, छातीपर्यंत पाण्यात बुडालेली एक सत्तरीच्या पुढची बाई गुडघ्यांच्या व्यायामासाठी पाण्यातून पुढे-मागे चालत होती. आणि गात होती. काय गात होती ते मला कळेना. भाषाच ओळखीची नव्हती. पण तो आवाज! जाड, खर्जातला, जुन्या वाकळीसारखा उबदार. फरशांवर आपटून तो छतापर्यंत जात होता आणि तिथून परत येऊन पाण्यावर पसरत होता. मी तक्रार सांगायला गेले होते आणि हातातला वॉकीटॉकी छातीशी धरून नुसती उभीच राहिले.

गाणं संपवून तीच इथल्या माओरी नमस्कारानं म्हणाली, "किआ ओरा! नवी मॅनेजर ना? आली का माझी तक्रार? प्रत्येक नव्या मॅनेजरकडे येते."

"आली," मी म्हटलं.

"कुठली तू?"

"भारतातली."

"ते दिसतंय गं. भाषा कुठली?"

"मराठी."

ती चालायची थांबली. वाणी फडताळाकडे बघून 'गूळ संपला' म्हणतो ना, तशा चेहऱ्यानं ती म्हणाली, "मराठी माझ्याकडे नाही." मग लगेच डोळे चमकले. "एक ओळ दे मला. आत्ता. कुठलीही."

मी ठार बेसूर. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी तिला तसं सांगितल्यावर ती इतकी हसली की शेजारच्या लेनमधले पोहणारे थांबून बघायला लागले. मी म्हटलं, "माझी आई येतेय पुढच्या महिन्यात सांगलीहून. ती देईल एखादी ओळ."

"गाते आई?"

"गात नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पण आवाज आहे तिला."

"मग आण तिला!" ती म्हणाली आणि पुन्हा चालू पडली.

तिचं नाव लीव्ह डेक्लेर्क. तक्रार करणाऱ्या आजोबांचं पुढे काय झालं तेही सांगते. ते मूळचे हॉलंडचे निघाले. लीव्हनं ते आमच्याकडून काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ते पाण्यात उतरताच त्यांच्या भाषेत असं एक गाणं सुरू केलं की आजोबा शिडीवरच बसले. त्यानंतर ते रोज तिच्या बरोबरीनं कडेच्या लेनमध्ये चालायला लागले. तक्रार बंद झाली. आता दोघं गायचे!

लीव्ह बेल्जियमच्या ऑस्टेंड गावची. समुद्रकाठचं बंदर. तिथे तिच्या आईचं छोटं कॅफे होतं. वडील मासळीच्या लिलावात काम करायचे आणि फ्लेमिश, म्हणजे तिकडची डच बोलायचे. आई लिएजकडची, फ्रेंच बोलणारी. आजी त्याहून पूर्वेची, जर्मन बोलणारी. "आमच्या घरात भांडण तीन भाषांत चालायचं," लीव्ह सांगायची, "आणि ज्याला उत्तर सुचायचं नाही तो गाणं म्हणायला लागायचा. मला कधीच उत्तर सुचायचं नाही." कॅफेत खलाशी यायचे, नॉर्वेचे, पोर्तुगालचे, ग्रीसचे. ही दहा-बारा वर्षांची पोर टेबलं पुसता पुसता त्यांच्याकडून गाणी उचलायची आणि त्यांचीच गाणी त्यांना म्हणून दाखवायची. घरापासून शेकडो मैल लांब असलेला दाढीवाला खलाशी रडताना तिनं पहिल्यांदा तिथे पाहिला. आपण काय केलं हे तिला कळलं नव्हतं, पण पुन्हा करायचं एवढं मात्र तिनं ठरवून टाकलं.

अठराव्या वर्षी ती एका वाद्यवृंदाबरोबर गावोगावच्या जत्रांतून गायला लागली. तो काळ बेल्जियममध्ये भाषेवरून डोकी फुटण्याचा. एका फ्लेमिश गावात तिनं आईचं आवडतं फ्रेंच गाणं म्हटलं आणि मागून चिखलाचा गोळा येऊन तिच्या झग्यावर बसला. पुढच्याच आठवड्यात फ्रेंच गावात वडिलांचं फ्लेमिश गाणं म्हटलं, तर पुढच्या तीन रांगा उठून गेल्या. "चिखल परवडला," ती म्हणायची. "चिखल मारणारा निदान ऐकत तरी होता."

ती सरळ एका प्रवासी जहाजावर गायिका म्हणून चढली. युरोपातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला स्थलांतरितांना घेऊन जाणारं जहाज. खाली डेकवर इटालियन, ग्रीक, डच कुटुंबं. वर जेवणघरात इंग्रजी गाणी म्हणायची ही, आणि काम संपलं की खाली उतरून उरलेली. दोनेक वर्षं अशी समुद्रावर गेली. मग जहाज मोडीत निघायचं ठरलं. शेवटच्या फेरीत वेलिंग्टनला उतरताना वाऱ्यानं तिची टोपी उडाली आणि गोदीवरच्या एका माणसानं ती धावत जाऊन पकडली. "टोपी परत देणारं गाव वाईट नसावं," असं म्हणून ती राहिली ती राहिलीच.

पोटासाठी तिनं पोरिरुआतल्या मोटारी जोडण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. आणि तिथे, ती म्हणते, तिला खरं विद्यापीठ सापडलं. तिच्या लाइनवर सामोआ बेटांच्या बायका होत्या, टोकेलाऊ बेटांचे लोक होते, इथलेच माओरी, ग्रीक, सगळे होते. चहाची सुट्टी झाली की ही गाडीच्या अर्धवट सांगाड्यात बसून गायची. दारं बसवणारा हेमी नावाचा माओरी तरुण गिटार घेऊन यायला लागला. गिटारवर तो जे वाजवायचा त्यात कधी एक सूर जास्त नसायचा. दोघांची जोडी तिथे जमली आणि आजतागायत टिकली आहे. लग्नाची जोडी नव्हे हं. हेमीची बायको वेगळी, पोरं-नातवंडं आहेत. लीव्हनं लग्न केलं नाही. "विचारलं दोघातिघांनी," ती सांगते, "पण प्रत्येकाला मी एकाच भाषेत हवी होते."

कारखान्यातली सिना तिला सामोअन गाणं शिकवत होती. एका रविवारी लीव्ह सिनाच्या चर्चमध्ये ते गायला उभी राहिली. एक स्वर लांबवायचा होता तो तिनं आखूड म्हटला आणि अर्थाचा असा काही अनर्थ झाला की आख्खं चर्च, पाद्रीसुद्धा, पोट धरून हसलं. दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. लीव्हनं पुढे होऊन विचारलं, "बरोबर कसं म्हणायचं?" आणि सगळ्या चर्चनं एका आवाजात तो शब्द तिला म्हणून दाखवला. चारी बाजूंनी. त्या दिवशी तिला तिच्या कार्यक्रमाची युक्ती सुचली. तीच ती, पुढे गावागावात गाजलेली: 'भाषा सांगा, गाणं घ्या.' प्रेक्षकांनी भाषेचं नाव ओरडायचं, लीव्हनं त्या भाषेतलं गाणं म्हणायचं. ती भाषा तिच्याकडे नसेल तर ओरडणाऱ्यानं स्टेजवर यायचं आणि तिथल्या तिथे तिला एक ओळ शिकवायची.

मधे एकदा ऑकलंडच्या एका टीव्ही निर्मात्यानं तिला हेरलं. त्यानं तिचं नाव बदलून इंग्रजी ठेवलं, केस सोनेरी केले आणि बजावलं, "एकच भाषा. लोकांचा गोंधळ नको." दोन कार्यक्रम बरे झाले. तिसऱ्यात कॅमेऱ्यासमोर उभी असताना ती शब्दच विसरली. जन्मात पहिल्यांदा. "समोर काचेचा डोळा," ती म्हणाली. "त्याची मातृभाषा काय, मला कळेना!" ती पोरिरुआला परत आली. सोमवारी कारखान्यात गेली तर लाइनवरच्या बायकांनी चाव्या-पाने आपटून तिचं स्वागत केलं.

आणि मग वयाच्या पंचावन्नच्या सुमाराला गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाजही गेला. बोलायला गेली तर नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. वर्ष उलटलं तरी आला नाही. हेमी दर रविवारी यायचा, तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्याच गाण्यांची साथ वाजवायचा, गाण्यापुरती जागा मोकळी सोडून. धीर-बीर काही द्यायचा नाही. वाजवायचा, सूप प्यायचा, जायचा. एका रविवारी त्या मोकळ्या जागेत एक सूर उमटला. पूर्वीपेक्षा खूप खालचा, घोगरा. हेमीनं मान वर केली नाही. त्यानं फक्त गिटारची पट्टी खाली आणली आणि तेच गाणं पुन्हा सुरू केलं. सगळी गाणी मग तिनं त्या नव्या आवाजात नव्यानं बसवली.

त्या नव्या आवाजानंच ती वृद्धाश्रमांत गायला लागली. तिथे मी तिला एकदा पाहिलं आहे. पन्नास वर्षं इथे काढलेली एक डच आजी, इंग्रजी पार विसरलेली, कित्येक दिवस कुणाशी अक्षर न बोललेली. लीव्हनं तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि लहान मुलांचं एक गाणं गुणगुणलं. आजीच्या बोटांनी आधी ठेका धरला. मग ओठ हलले. मग तिनं चक्क लीव्हला थांबवून पुढची ओळ स्वतः म्हटली, आणि ऐटीत इकडेतिकडे बघितलं. नर्स खोलीबाहेर पळाली ती आजीच्या मुलाला फोन करायला!

तर अशा या बाईसमोर मी माझ्या आईला नेऊन उभं केलं.

आई, म्हणजे वासंती. सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये तिनं आख्खी नोकरी काढली. एके काळी गावातला प्रत्येक जण तिला आवाजावरून ओळखायचा आणि चेहऱ्यानं कुणीच ओळखायचं नाही. इथे आल्यापासून मी आणि माझा नवरा प्रसन्न दिवसभर कामावर, ती घरात एकटी. 'सगळं छान आहे गं, पण बोलायला कुणी नाही,' हे तिचं पालुपद झालं होतं. तलावावरच्या कॅफेत मी दोघींची ओळख करून दिली.

"आई, ही लीव्ह."

"अगं, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या आहेत त्या. नावानं काय हाक मारतेस?" आईनं मला मराठीत दटावलं आणि हात जोडून म्हणाली, "नमस्कार, लीव्हबाई." मग मला हळूच, "लीव्ह म्हणजे सुट्टीच ना? बरं नाव आहे."

लीव्हनं खुर्ची पुढे ओढली. "ओळ आणलीस?"

आईला वाटलं होतं एखादी आरती नाहीतर भक्तिगीत द्यावं. पण लीव्ह म्हणाली, "ते सगळ्यांना येतं. तुला कामावर असताना काय म्हणावंसं वाटायचं, ते दे." आई जराशी लाजली. मग म्हणाली, की एक्स्चेंजमधल्या मुलींनी मिळून एक गाणं रचलं होतं. साहेब जागेवर नसले की बोर्डासमोर हेडफोन लावून सगळ्या ते म्हणायच्या. मी हे गाणं आयुष्यात ऐकलं नव्हतं! माझी आई, जी घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही, तिनं कॉफीचा कप बाजूला सारला, पाठ ताठ केली आणि म्हटलं:

*तार जुळली, तार जुळली, बोला बाई बोला,*
*माळावरच्या माहेराचा गलका कानी आला.*
*वेळ सरली, तीन मिनिटं, दोरी कशी ओढू?*
*मायलेकी बोलताना मध्येच कशी तोडू?*

लीव्हनं अर्थ विचारला. आईनं आपल्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत सांगितला: ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा, वेळ संपली की ऑपरेटरनं दोरी ओढून लाइन तोडायची, आणि पलीकडे सासरची मुलगी आईशी बोलत असायची. "मग तू काय करायचीस?" लीव्हनं विचारलं.

"मी खोकायचे," आई म्हणाली. "दोनदा खोकायचे. तेवढ्यात त्या आवरतं घ्यायच्या."

लीव्हनं टेबलावर हात आपटला. "हे गाणं मला पाहिजे!"

आणि सुरू झाली शिकवणी. आईइतकी कडक मास्तरीण मी पाहिली नाही. सगळा घोटाळा 'ळ'चा होता. 'जुळली'चं 'जुलली', 'माळ'चं 'माल', 'वेळ'चं 'वेल'. लीव्हनं आयुष्यात कसकसले उच्चार गळ्याखाली उतरवले, पण या ळपुढे तिची जीभ आडवी पडायची. आई स्वतःचं तोंड उघडून दाखवायची. "बघा, जीभ वर, मागे, आणि आपटायची. ळ. ळ!" आमच्या बैठकीच्या खोलीत दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या घशात बघत ळ-ळ करत बसल्या आहेत, हे दृश्य पाहून प्रसन्न दारातूनच परत फिरला. आईचं पालुपद मात्र बंद झालं. आता मी कामावरून आले की तिलाच वेळ नसायचा.

जुलैत लीव्हच्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं होणार होती. दक्षिण बेटावरच्या नेल्सनमधल्या तिच्या जुन्या चाहत्यांनी तिथे मोठा सोहळा ठरवला. चांगलं सभागृह, पोस्टर, तिकिटं सगळी गेलेली. एवढा मोठा एकटीचा कार्यक्रम तिला जन्मात मिळाला नव्हता. ती लहान मुलीसारखी हरखली होती. नवा जांभळा झगा शिवून घेतला होता. आणि तिनं जाहीर केलं की शेवटचं गाणं मराठी असेल आणि वासंती स्टेजवर शेजारी उभी राहील. आईनं "छे छे, मी नाही बाई" असं आठवडाभर म्हटलं आणि मग गुपचूप साडीला फॉल लावायला घेतला.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी. आम्ही त्याच सकाळी वेलिंग्टनहून फेरीबोट धरली. लीव्ह, हेमी, आई आणि गाडी चालवायला मी. साडेतीन तासांत पिक्टन, तिथून दोनेक तासांत नेल्सन. भरपूर वेळ होता. निघताना आभाळ स्वच्छ होतं. पण कुकच्या सामुद्रधुनीचा भरवसा नसतो. अर्ध्या वाटेवर दक्षिणेकडून वारा सुटला आणि बघता बघता लाटा खिडक्यांवर चढायला लागल्या. बोट वर जायची, क्षणभर थांबायची आणि खाली आपटायची. कपबशा घरंगळल्या. कॅप्टननं स्पीकरवरून सांगितलं, की नेहमीच्या चिंचोळ्या खाडीतून आत शिरणं या लाटांत धोक्याचं आहे, आपण बाहेरच थांबून वारा पडायची वाट बघू. किती वेळ? सांगता येत नाही.

तासामागून तास गेले. लोक कागदी पिशव्या तोंडाशी धरून बसले. माझी आई पांढरीफटक पडली होती. "निशी, मला घरी ने गं," एवढंच मला म्हणत होती. लीव्हला समुद्राचं काहीच वाटत नव्हतं, पण ती घड्याळाकडे बघत होती. शेवटी नेल्सनहून फोन आला. आता पोहोचणं शक्य नव्हतं, लोकांना परत पाठवावं लागणार होतं. ती "बरं, बरं" म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवून दिला. झग्याची पिशवी मांडीवर होती, ती तिनं नीट घडी घालून पायाशी ठेवली. हेमीनं तिच्याकडे बघितलं आणि गिटारची पेटी गुडघ्यांत घट्ट धरली.

तेवढ्यात बोट पुन्हा आपटली आणि आईनं डोळे मिटून लीव्हचा हात घट्ट धरला. लीव्ह वाकली आणि तिच्या कानाशी हळूच म्हणायला लागली, "तार जुलली, तार जुलली..."

आईनं डोळे उघडले नाहीत. पण पिशवी तोंडापासून बाजूला करून ती क्षीण आवाजात म्हणाली, "ळ. जीभ वर."

"तार जुलली..."

"ळ! जुळ्ळी म्हणा हवं तर, पण ळ!"

"तार जुळली!" लीव्ह ओरडली. खरोखर ओरडली. स्वच्छ, खणखणीत ळ! आई ताडकन उठून बसली. "आला! निशी, ळ आला!" आणि दोघी एकमेकींना मिठी मारून हसायला लागल्या. आजूबाजूची हिरव्या-पिवळ्या तोंडाची माणसं बघतच राहिली. समोरच्या बाकावर शाळेच्या रग्बी टीममधली सामोअन पोरं पेंगुळली होती. त्यांतला एक धिप्पाड मुलगा म्हणाला, "आंटी, पुन्हा म्हणा ना."

हेमीनं गिटारची पेटी उघडली.

मराठी गाणं झालं. मग लीव्ह खांब धरून उभी राहिली आणि तिनं त्या पोरांकडे बघून सामोअन गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीला पोरं चकित झाली, दुसरीला त्यांनी आवाज दिला आणि तिसरीला एकाच गाण्यात चार वेगवेगळे सूर एकमेकांत मिसळून असे उसळले की बोटीचा कडकडाट ऐकू येईना! वरच्या मजल्यावरून लोक जिना धरत धरत खाली यायला लागले.

"भाषा सांगा!" लीव्ह गरजली. "गाणं घ्या!"

आणि इथे माझ्या आईनं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ती उठली. एका हातानं बाकांच्या पाठी धरत, दुसऱ्या हातानं पदर खोचत, हेलकावे खात ती रांगारांगांतून फिरायला लागली. वाकून प्रत्येकाला विचारायची आणि मग मान वर करून, ती जुनी, अख्ख्या सांगलीला ओळखीची असलेली ऑपरेटरची ललकारी द्यायची: "हॅलो, हॉलंड! होल्ड द लाइन प्लीज!" हॉलंडचं गाणं व्हायचं. "हॅलो, इटली! यू आर थ्रू!" इटलीचं गाणं! बोटीवर काम करणाऱ्या एका पोरीनं आतून मायक्रोफोन आणून दिला. त्याला हात लागताच आईची उंची वाढली. "हॅलो, टोंगा! हॅलो, फिलिपिन्स! लाइन क्लियर!" कॅम्परव्हॅनमधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, फिरायला निघालेले म्हातारे डच नवरा-बायको उठून नाचायला लागले. तोल गेला की जो जवळ असेल त्याला धरायचे. वायरिंगच्या कामाला निघालेले पंजाबी तरुण टाळ्यांनी छत दणाणून सोडत होते.

एका कोपऱ्यात द्राक्षमळ्यात कामाला चाललेला एक माणूस एकटाच बसला होता. आईनं त्याला विचारलं आणि पहिल्यांदाच अडखळली. "हॅलो... व्हानुआटू?" लीव्हनं मान हलवली. तिच्याकडे त्याच्या बेटाची भाषा नव्हती. "मग तू ये!" ती म्हणाली. तो आधी नाहीच म्हणत होता. मग आला, जमिनीकडे बघत एक ओळ म्हटली. लीव्हनं ती परत म्हटली, चुकली. त्यानं मान वर करून दुरुस्त केली. तिसऱ्यांदा बरोबर आली तेव्हा तो असा खुलला की त्यानं पुढचं आख्खं गाणं दोन्ही हात पसरून म्हटलं आणि त्याच्या प्रत्येक ओळीअखेर साऱ्या बोटीनं त्याला साथ दिली.

वारा कधी पडला ते कुणाला कळलंही नाही. बोट वळून खाडीत शिरली, दोन्हीकडे डोंगर आले, पाणी सपाट झालं. कॅप्टन स्पीकरवर म्हणाला, की आता धोका टळला आहे, आणि खाली जे चाललंय ते थांबवू नका. हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "ते पहिलं म्हणा! टेलिफोनचं!" लीव्हनं आईला शेजारी ओढलं. आणि मग सामोअन, डच, टोंगन, पंजाबी अशा दोनशे-तीनशे गळ्यांतून, कुणाला अर्थ माहीत नसताना, 'तार जुळली, तार जुळली' असा कल्लोळ उठला. रग्बीच्या पोरांनी तर त्याला खालचे सूरही जोडले. मी बेसूर, पण मीही गळा काढला. कुणी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं नाही.

पिक्टनला धक्क्यावर नेल्सनचे संयोजक स्वतः गाडी घेऊन आले होते. सभागृह दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळं होतं, म्हणून कार्यक्रम रविवारी झाला. जांभळा झगा घालून लीव्ह स्टेजवर आली तेव्हा समोर पहिल्या तीन रांगांत बोटीवरचेच लोक. रग्बीची पोरं, डच नवरा-बायको, आणि वाट वाकडी करून आलेला तो व्हानुआटूचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून. शेवटच्या गाण्याला आई शेजारी उभी राहिली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. लीव्ह माइकवर म्हणाली, "पन्नास वर्षं सराव केला, आता कुठे सुरुवात झाली."

त्या बोटीवरची चित्रफीत कुणीतरी इंटरनेटवर टाकली. आता लीव्हला ऑकलंडहून, डनेडिनहून बोलावणी येत आहेत. ऑकलंडमधल्याच बॉटनी डाउन्सच्या मराठी मंडळानं दोघींना मिळून बोलावलं आहे. आईनं व्हिसा वाढवून घेतला आणि मला कारण काय सांगितलं, तर, "लीव्हबाईंना एकटं कसं सोडू?"

गेल्या रविवारी सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. आईची एक्स्चेंजमधली मैत्रीण, सुरेखा. चित्रफीत तिच्यापर्यंत पोहोचली होती. लीव्ह तेव्हा आमच्याकडेच जेवायला होती. सुरेखामावशी आधी नुसती हसत आणि डोळे पुसत राहिली. मग लीव्हनं तिला आख्खं गाणं म्हणून दाखवलं, सगळ्या ळसकट.

"वा! वा!" मावशी म्हणाली. "पण वासंती, दुसरं कडवं कुठाय?"

"दुसरं कडवं?" आई चक्रावली. "दुसरं कुठलं?"

"अगं, तू बाळंतपणाच्या रजेवर होतीस तेव्हा आम्ही रचलं! तुला कुणी सांगितलंच नाही?"

मी लीव्हला भाषांतर करून सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं, खुर्ची ओढून फोनसमोर अगदी नाक टेकेल इतकी पुढे बसली आणि तिला येत असलेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी एक वापरला.

"बोला!"